डावरी कोयती

नोव्हेंबर लागला तशा वेसाव्याच्या वाळूवर वलांडी उभ्या राहिल्या. वलांडी म्हणजे बांबूचा सांगाडा, त्यावर ओळीने ताणलेले दोर आणि दोरांवर वाळत घातलेले बोंबील. दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायची आणि जोडी दोरावर टाकायची; एक अलीकडे लोंबतो, एक पलीकडे. चार दिवस ऊन खाल्लं की जबड्यात जबडा असा बसतो, की सोडवायला गेलं तर डोकं तुटतं पण पकड सुटत नाही.

कृष्णाबाईचे अकरा दोर होते. तिच्या जावेचे, सोनूबाईचे, नऊ. मध्ये हातभर वाट. त्या वाटेवरून मांजरं जात, माश्या जात, वारा जाई. शब्द मात्र तीन वर्षांत गेला नव्हता.

सोनूबाईच्या नवव्या दोराला लागून पत्रे सुरू होत. निळे, दोन पुरुष उंच, त्यांच्यावर रंगवलेली नारळाची झाडं. पूर्वी तिथेही वलांडी होत्या. आता नारळ होते, तेही पत्र्यावरचे. आत समुद्रकाठचं उद्यान होणार असं फलक सांगत होता. फलकावर एक जोडपं बाकावर बसून समुद्राकडे बघत होतं आणि त्या समुद्रात एकही होडी नव्हती.

तीन वर्षांपूर्वी कंत्राटदाराचा मुकादम बाळा माणसं घेऊन सोनूबाईचे दोर काढायला आला होता. दोर काढून पत्रा पुढे सरकवायचा, एवढंच काम. सोनूबाई आडवी पडली. ओढाताण झाली, पत्रा पडला, बाळाचा तळहात फाटला. संध्याकाळी पोलिसांच्या कागदावर आलं की सोनूबाई दशरथ, वय वर्षं चौसष्ट, धंदा मासळी सुकवणे, हिने कोयत्याने वार केला. सोनूबाई जामिनावर सुटली आणि पत्रे जिथे होते तिथे थांबले. खटला संपेपर्यंत कंत्राटदारालाही घाई नव्हती. त्याच्या फलकावरचं जोडपं बसलेलंच होतं.

त्या दिवशी कृष्णाबाई तरीतून, खाडी ओलांडून, पलीकडे मढला गेली होती, भाचीच्या हळदीला. दोन रात्री राहून आली तर खोपटाच्या बांबूत खोचलेली तिची कोयती गायब. कोयती म्हणजे कोयता नव्हे. कोयता हातभर लांब, घोळ-सुरमई तोडायचा. कोयती वीतभर, दोर कापायची. शिवाय कृष्णाबाई डावरी. कोयतीला धार एकाच अंगाने लावतात आणि हिच्या कोयतीला ती उलट्या अंगाने होती. ती दुसऱ्या कुणाच्या हातात चालायची नाही, दोरावरून घसरायची. नवीन नवरी म्हणून आली तेव्हा सासू तिचा डावा हात पदराला बांधून ठेवायची. मोठी जाऊ सोनूबाई तिला 'डावरे' म्हणून हाक मारायची आणि हसायची. पण लोहाराकडे बसून उलट्या धारेची कोयती करून आणली ती त्या सोनूबाईनेच. पस्तीस वर्षं झाली त्याला.

तीच गेली म्हटल्यावर कृष्णाबाईचं डोकं फिरलं. मी हळदीला गेले, भांडणाला नव्हते, म्हणून हिनं राग काढला, असा हिशोब तिनं केला आणि हातभर वाटेवर उभी राहून, चाळीस बायकांच्या देखत, जावेला 'चोरटी' म्हणाली.

सोनूबाई त्याच दिवशी जामीन घेऊन परतली होती. "तुझी डावरी कोयती मना काय कामाची गो?" एवढंच ती बोलली. ते शेवटचं.

आता खटला उभा राहिला. सुनेनं, नमितानं, मोबाइलवर तारीख बघून दिली. कृष्णाबाई पहाटेचे बोंबील दोरावर टाकून, अंगाला साबण लावून, हिरवं लुगडं नेसून तयार झाली. अंगणात हरेश्वर, तिचा नवरा, गुडघ्याला तेल चोळत बसला होता.

"तू कशाला जातंस?" तो म्हणाला. "तू तिच्याशी बोलत नाय, ती तुझ्याशी बोलत नाय. कोर्टात जाऊन दोघी गप बसनार. ते इथं बसून बी होतं."

"मी तिच्यासाठी नाय जात."

"मग?"

"नऊ दोर गेले की दहावा माझा हाय."

हे खरं होतं. बाळा मुकादम आदल्याच दिवशी वाळूवर येऊन गोड बोलून गेला होता. सोनूबाईने वलांडी स्वतःहून काढली, तर त्याला साक्षीत काही नीट आठवणार नव्हतं. नाही काढली तर सगळं आठवणार होतं. माणसाची स्मरणशक्ती अशी दोरांवर अवलंबून असते हे वेसाव्यात नवीन होतं. सोनूबाईने उत्तर म्हणून त्याच्यासमोर एक बांबू उपटून पुन्हा खोल ठोकला होता. कृष्णाबाईने ते वाटेपलीकडून पाहिलं होतं, न पाहिल्यासारखं.

*

कोर्टाच्या फाटकावर बाई पोलिसाने कृष्णाबाईची पिशवी उलटी केली. पानाचा डबा, चुन्याची डबी, अडकित्ता.

"हे हत्यार आहे."

"सुपारीचं."

"आत नेता येणार नाही. जाताना घेऊन जा."

अडकित्ता टेबलावर चाव्या, लायटर आणि एका पेचकसाच्या शेजारी जाऊन बसला. कृष्णाबाई तिसऱ्या मजल्यावर गेली. खोली लहान होती, पंखा मोठा होता. पुढे टेबल, टेबलामागे मॅजिस्ट्रेट मॅडम, खाली वकील, बाजूला आरोपींचं बाकडं. त्यावर सोनूबाई पाठ करून बसलेली. मागे दोन बाकं रिकामी. कृष्णाबाई शेवटच्या बाकावर बसली. लगेच शिपाई आला.

"कोण तुम्ही?"

"कृष्णाबाई."

"नाव नाही विचारलं. आरोपी?"

"आरोपी व्हायला मी काय केलंय?"

"मग साक्षीदार?"

"नाय."

"आरोपीच्या नातेवाईक?"

कृष्णाबाई थांबली. पुढच्या बाकड्यावरची पाठ हलली नाही, पण त्या पाठीला कान होते. 'हो' म्हणायचं तर तीन वर्षं आडवी येत होती.

"नाय," ती म्हणाली.

"मग इथे काम काय? उठा. लग्नाचं रजिस्टर असेल तर ते ऑफिस इथे नाही."

लुगडं आणि अंबाड्यातला गजरा बघून त्याचा तसा समज झाला असावा. शिवाय त्यानं नाकाशी हात नेला होता. साबणाने कोळणीच्या अंगचा वास जात नाही. साबणालाच वास लागतो.

सोनूबाईचा वकील ऑस्टिन मागे वळला. तो गोराईचा, बारीक, काळा कोट कोपरावर विटलेला. "मावशी," तो हळूच म्हणाला, "पब्लिक म्हणा. खुलं कोर्ट आहे. पब्लिकला बसता येतं."

कृष्णाबाईने शिपायाकडे पाहिलं. "मी पब्लिक," ती म्हणाली.

शिपायाला हा शब्द ठाऊक होता, पण अंगावर कुणी घालून आलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. त्यानं मॅडमकडे बघितलं. मॅडम कागदात होत्या. तो पुटपुटत गेला आणि कपाटातून सुगंधी फवाऱ्याचा डबा काढून मागच्या बाकांवर दोनदा मारला. त्या दिवशी सरकारी वकील आजारी होते. पुढची तारीख पडली.

अशा तारखा पडत राहिल्या. थंडी वाढली तसा बोंबील वाढला. पहाटे चारला बोटी लागत. कृष्णाबाई आणि नमिता टोपल्या वाळूवर आणत, वाकून वाकून जोड्या लावत. बोंबलाचे दात बोटांना लागतात, चिरा पडतात, मिठाच्या पाण्याने चरचरतात. नवाला कृष्णाबाई हात धुवायची आणि नमिता ओरडायची.

"सासूबाय, सहा टोपल्या पडल्यात! आज परत कोर्ट?"

"तुला दोन हात हायत ना?"

"तुमचे दोन तिकडे बसून काय करतात? नुसते मांडीवर ना!"

ते बरोबर होतं. पब्लिकचे हात मांडीवर असतात. कृष्णाबाईने तिथं बसून बरंच बघितलं. पाकीटमार बघितले, दारूच्या केशी बघितल्या, एका शेळीवरून चाललेला आठ वर्षांचा खटला बघितला. शेळी केव्हाच मेली होती, तारखा जिवंत होत्या. पाय दुमडून बसली की शिपाई यायचा, "मावशी, पाय खाली." डोळा लागला की यायचा, "झोपायचं असेल तर घरी." पान तोंडात आहे का हे तर तो रोज तपासायचा. प्रत्येक वेळी फवारा मारायचा, आणि प्रत्येक वेळी विचारायचा, "काम काय?" आणि ती म्हणायची, "पब्लिक." डिसेंबर संपेपर्यंत तो विचारायचा थांबला. फवारा चालू राहिला.

दोघी जावा वेगवेगळ्या रिक्षांनी यायच्या, वेगवेगळ्या रिक्षांनी जायच्या. एकदा फाटकाशी एकच रिक्षा होती. सोनूबाई बाजूला सरली, कृष्णाबाईही सरली, आणि ती रिक्षा एका वकिलाने नेली.

जानेवारीत बाळा मुकादमाची साक्ष झाली. त्याला सगळं आठवत होतं. सूर्य कुठे होता तेही.

"वार कुठल्या हाताने केला?" ऑस्टिनने उलटतपासणीत विचारलं. वकील असे प्रश्न विचारतात. पुष्कळदा पुढचा प्रश्न सुचेपर्यंत.

"उजव्या," बाळा म्हणाला. "उजव्या हातात कोयता धरून."

मॅडमनी लिहून घेतलं. त्यानंतर डॉक्टर आले. जखम धारदार वस्तूने झाली असं म्हणाले. पत्र्याच्या कडेने होऊ शकते का, असं विचारल्यावर होऊ शकते, असंही म्हणाले. तेही लिहून घेतलं.

*

फेब्रुवारीत पंच आला. पंच म्हणजे ज्याच्यासमोर पोलिसांनी हत्यार जप्त केलं तो तटस्थ माणूस. हा तटस्थ माणूस कंत्राटदाराच्या गोदामावर कामाला होता. त्याच्या साक्षीत मुद्देमाल उघडायचा होता. शिपायाने तपकिरी कागदाचं, लाखेने बंद केलेलं पुडकं आणलं. तीन वर्षं ते कुणी उघडलं नव्हतं. सरकारी वकिलांनी लाख फोडली, सुतळी सोडली, कागद उलगडला.

आतून वीतभर पातं निघालं. गंजलेलं. मुठीला निळ्या जाळ्याच्या दोऱ्याचे वेढे, उलट्या पिळाचे.

"हाच तो कोयता," पंच म्हणाला.

कृष्णाबाईच्या मांडीवरचा डावा हात आपोआप वळला, मूठ धरल्यासारखा.

कागदावर 'कोयता' होतं म्हणून तीन वर्षं तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. लिहिणाऱ्या हवालदाराला कोयता आणि कोयती यांतला फरक माहीत नसावा, किंवा माहीत असून कोयता जास्त भारदस्त वाटला असावा. ती हळदीत नाचत होती आणि इकडे सोनूबाई चौकीत बसली होती, तेव्हा या लोकांनी रिकाम्या खोपटात हात घालून सापडेल ते हत्यार उचललं होतं.

सोनूबाई पहिल्यांदाच मागे वळली. एक क्षण तिनं कृष्णाबाईकडे पाहिलं. मग पुन्हा पुढे बघायला लागली.

ऑस्टिन तिच्या बाकड्याशी वाकला. "ओळखता का हो हे? कुणाचं आहे?"

"नाय."

"नीट बघा. महत्त्वाचं आहे."

"बोलले ना, नाय."

लोहाराशी घासाघीस करून ती कोयती घडवून आणणारी बाई म्हणत होती, नाय. ओळखते म्हणाली असती, तर कुणाची हेही सांगावं लागलं असतं, आणि मग त्या बाकड्यावर दुसरी बाई बसली असती. चाळीस बायकांच्या देखत तिला चोरटी म्हणणारी.

कृष्णाबाई उभी राहिली. बाक करकरलं.

"तो कोयता नाय," ती म्हणाली. "ती कोयती हाय. आनि ती माझी हाय."

मॅडमनी मान वर केली. "कोण बोललं?"

"पब्लिक, मॅडम," शिपाई म्हणाला.

"पब्लिकला बोलता येत नाही. खाली बसा."

"बसते. पन ती माझी हाय."

आणि ती बसली. ऑस्टिन विटलेल्या कोटाच्या बाहीत हात घालून पेन शोधत होता. पेन त्याच्या दुसऱ्या हातातच होतं.

*

त्या संध्याकाळी घरात आवाज चढले. मुलगा हितेश विमानतळावर माल चढवायच्या खात्यात होता. गळ्यात पास, पासाला पोलिसांची तपासणी.

"आई, तुला कळतं का? हत्यार तुझं म्हणालीस. उद्या तुझ्यावर केस झाली तर माझा पास जाईल. सगळ्यांची वाट लागेल."

"मी त्या दिवशी मढला होते."

"कोण विचारतंय तू कुठं होतीस! मोठी काकी नाय बोलली ना? गप बसली ना? मग तू पण गप बस ना यार."

"ती गप बसली म्हनून तर," कृष्णाबाई म्हणाली. "माझ्या पोराला पास पायजे म्हनून जाऊबाय तुरुंगात जाईल? तुझा पास काय तिच्या नऊ दोरांवर वाळत घातलाय?"

हरेश्वर गुडघा चोळायचा थांबला. 'जाऊबाय' हा शब्द त्या घरात तीन वर्षांनी आला होता. तेलाची बाटली बंद करून त्यानं हितेशला सांगितलं, "तुझ्या आईचा हळदीतला व्हिडिओ असंल ना रं कुनाकडे? मढवाल्यांना फोन लाव."

हितेशने गळ्यातला पास शर्टाच्या आत सरकवला आणि फोन लावला.

तिसऱ्या दिवशी बाळा मुकादम वाळूवर आला. कृष्णाबाई बोंबलाच्या जोड्या लावत होती. पलीकडे सोनूबाई तेच करत होती.

"मावशी," बाळा म्हणाला, "कोयती तुमची म्हणालात, तर वारही तुमचाच होईल. विचार करा. तुम्ही तर पब्लिक. कशाला मध्ये पडता?"

"तुझा कुठला हात फाटला होता रं?"

"उजवा."

"दाखव."

त्यानं दाखवला, का ते त्यालाही कळलं नाही. तळहातावर वेडीवाकडी पांढरी रेघ होती. कृष्णाबाईने हातातला बोंबील न ठेवता ती बघितली.

"हा पत्रा हाय. माझी कोयती मी दर सोमवारी दगडावर लावायची. ती लागली असती तर तू आज चार बोटांनी नमस्कार केला असतास. चल, सावली पडते दोरावर. सरक."

वाटेपलीकडे खोकल्यासारखा आवाज झाला. सोनूबाईला खोकला नव्हता.

*

मार्चमध्ये ऑस्टिनने कृष्णाबाईला बचावाची साक्षीदार म्हणून बोलावलं. फाटकावर अडकित्ता ठेवून ती वर गेली आणि सवयीने मागच्या बाकाकडे वळली. "तिकडे नाही," शिपाई म्हणाला, "आज पुढे." त्यानं पिंजरा दाखवला, आणि शपथ सांगताना तिचा वर झालेला डावा हात बघून म्हणाला, "उजवा."

"खरं या हातानं बोलले तर चालनार नाय का?"

"चालू द्या," मॅडम म्हणाल्या.

सरकारी वकील आधीच उभे होते. त्यांची हरकत होती. ही बाई प्रत्येक तारखेला कोर्टात बसून सगळा पुरावा ऐकत होती; साक्षीदाराला असं बसता येत नाही.

"हिला बसू कोणी दिलं?" मॅडमनी विचारलं.

शिपाई पुढे झाला. "मॅडम, त्या तेव्हा पब्लिक होत्या," तो म्हणाला. "मी दर वेळी विचारून घेतलंय."

मॅडमनी हरकत नोंदवली आणि साक्ष पुढे चालू दिली.

"आरोपी तुमच्या कोण?" ऑस्टिनने विचारलं.

या प्रश्नाला नोव्हेंबरात 'नाय' असं उत्तर मिळालं होतं. कृष्णाबाईने बाकड्याकडे पाहिलं. "जाऊ. मोठी."

"बोलणं आहे?"

"नाय. तीन वर्षं."

"का?"

"मी तिला चोरटी बोलले. ही कोयती तिनं चोरली म्हनून. ती इथं पुडक्यात होती."

"ही तुम्हाला कोणी करून दिली?"

"तिनंच. मी डावरी हाय. घरात सगळी हसायची. ती बी हसायची. पन लोहाराकडं तीच गेली. पस्तीस वर्षं झाली."

मॅडमनी ते टाइप करणाऱ्याला सांगितलं आणि वाक्य बनवताना त्याचं असं झालं: 'सदर कोयती आरोपीने साक्षीदारास सन एकोणीसशे नव्वदच्या सुमारास करवून दिली.' सोनूबाईने पदराने नाक पुसलं. कागदावर ते आलं नाही.

सरकारी वकील पुढे आले. "म्हणजे हत्यार तुमचं. मग वार तुम्ही केलात का?"

"मी मढला नाचत होते. व्हिडिओ हाय. दीड तासाचा हाय, बघा सगळा."

"आणि जाऊ असून पब्लिक म्हणून बसत होतात?"

"जाऊ काय पब्लिकमध्ये येत नाय?"

"उलटी धार, डावी धार, हे सगळं तुम्ही आत्ता रचताय. कोयती ती कोयती. कुणीही चालवेल."

"मग चालवा," कृष्णाबाई म्हणाली.

सरकारी वकिलांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी ऑस्टिनकडे. ऑस्टिनने आपली काहीच हरकत नसल्याचं सांगितलं, फारच पटकन. फायलींच्या गठ्ठ्याची जाड सुतळी सोडून आणली. ती दोन्ही हातांनी ताणून धरायचं काम शिपायाकडे आलं. त्यानं ती छातीपासून शक्य तितकी लांब धरली.

सरकारी वकिलांनी कोयती उजव्या हातात घेतली आणि सुतळीवर मारली. पातं सुतळीवरून बाहेरच्या बाजूला घसरलं. पुन्हा मारली, पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा त्यांच्या कोटाच्या बाहीचा दोरा तुटला. शिपायाने डोळे मिटले होते.

"गंज आहे," ते म्हणाले.

"असंल," कृष्णाबाई म्हणाली. "तुमच्याच कपाटात होती."

मॅडमनी मान हलवली तशी कोयती पिंजऱ्याच्या कठड्यावरून तिच्याकडे आली. तीन वर्षांनी. मुठीच्या निळ्या वेढ्यांत तिची बोटं जुन्या जागी जाऊन बसली. तिनं शिपायाकडे पाहिलं.

"डोळे उघड रं बाबा. मी पब्लिकला नाय मारत."

डावं मनगट एकदा वळलं. सुतळीची दोन टोकं शिपायाच्या दोन हातांत राहिली. त्यानं आधी टोकं बघितली, मग बोटं मोजली.

मॅडमनी जुनी साक्ष काढून एक ओळ मोठ्याने वाचली: "उजव्या हातात कोयता धरून." मग बराच वेळ लिहिलं. साक्षीखाली सही करताना कृष्णाबाईने पेन डाव्या हातात धरलं आणि या वेळी कुणी काही बोललं नाही.

*

एप्रिलच्या शेवटी निकाल लागला. सोनूबाई निर्दोष सुटली. संशयाचा फायदा मिळाला, असं ऑस्टिनने समजावलं.

"संशय तर त्यांच्यावर होता," कृष्णाबाई म्हणाली. "फायदा हिला कसा?"

ऑस्टिनने निकालाचं पान उलटलं. त्यानं दुसरी गोष्ट सांगितली. निकालात शेवटी लिहिलं होतं, मुद्देमाल अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावा. कोयती परत हवी असेल तर मालक म्हणून अर्ज करावा लागेल.

"करा," ती म्हणाली. "आता मी मालक."

सोनूबाई खाली उतरून निघून गेली. वेगळ्या रिक्षाने. वाळूवर नऊ दोर तसेच होते, अकरा दोर तसेच होते, पत्रे एक वीतही पुढे आले नव्हते. बाळा मुकादमाची बदली झाली असं ऐकलं. नवा मुकादम लांबूनच नमस्कार करायचा, बोटं मोकळी ठेवून. हातभर वाटेवरून मांजरं जात राहिली. नमिता म्हणाली, "एवढं केलंत, काकी एक शब्द तरी बोलली का?" कृष्णाबाई म्हणाली, "मी शब्दासाठी गेले होते का?" पण त्या दिवशी तिनं दोन जोड्या चुकीच्या दोरावर टाकल्या. सोनूबाईच्या दोरावर. त्या चार दिवस तिथंच वाळल्या. कुणी काढल्या नाहीत.

जूनमध्ये बोटी वर ओढल्या, वलांडी सोडल्या, बांबू खोपटात रचले. अर्जाची तारीख त्यातच आली. कृष्णाबाईने फाटकावर अडकित्ता ठेवला. बाई पोलिसाने न विचारता चिठ्ठी दिली. तिसऱ्या मजल्यावर खोली गच्च होती. शेळीच्या खटल्याला आज दोन्ही बाजूंची माणसं आली होती. मागच्या बाकाच्या टोकाला चार बोटं जागा होती. तिथं ती टेकली.

थोड्या वेळाने दारात शिपायाचा आवाज आला.

"तुम्ही? तुमची केस संपली ना? सुटलात की. आता काय काम?"

दारात सोनूबाई उभी होती. हिरवं लुगडं, अंबाड्यात गजरा. काखेत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला धार लावायचा दगड. फाटकावर कुणी त्याला हत्यार म्हणालं नव्हतं.

"पब्लिक," ती म्हणाली.

शिपायाने कपाटाकडे पाहिलं, फवाऱ्याकडे पाहिलं, दोघींकडे पाहिलं आणि खुर्चीवर जाऊन बसला.

सोनूबाई बाकाशी आली. जागा नव्हतीच. तिनं दगड कृष्णाबाईच्या मांडीवर ठेवला आणि कमरेनं तिला एक धक्का दिला.

"सरक गो, डावरे."